बाबांचं नाक

आम्ही घरात तिघं आणि चालती नाकं दोन, ही गोष्ट त्या काळी फक्त आम्हा तिघांनाच ठाऊक होती. शहाडच्या अलीकडे, उल्हास नदीच्या काठाला, सांडपाणी शुद्ध करण्याचं एक जुनं केंद्र होतं. कल्याणच्या त्या अंगाचं आणि एका मोठ्या कॉलनीचं सगळं घाण पाणी तिथे यायचं, हौदांतून फिरायचं आणि जरा बऱ्या तोंडाने नदीला मिळायचं. बाबा तिथले मुख्य ऑपरेटर. लोक त्याला गटारखातं म्हणत, साहेब लोक प्लँट म्हणत आणि आई ‘तुमचं ते’ म्हणे. आमचं क्वार्टर कुंपणाच्या आतच होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. भिंतीला टेकून बसलं की पंपांची घरघर पाठीत शिरायची. मी त्या घरघरीवर अभ्यास केला, त्या घरघरीवर झोपले. पंप बंद पडला की आम्ही तिघंही हातातलं काम सोडून मान वर करायचो. आवाजाने नाही, शांततेने दचकायचं, अशी ती जागा होती. ती खोड अजून गेलेली नाही. वर्तकनगरच्या या फ्लॅटमध्ये फ्रिजची घरघर थांबली तरी माझा हात थांबतो आणि सून विचारते, ‘आई, काय ऐकताय?’ काय सांगणार तिला.

बाबांचं नाक गेल्याचं उघड झालं ते बांगड्याच्या कालवणामुळे. आई मालवणकडची. बांगड्यात तिरफळं पडली नाहीत तर ते कालवणच नव्हे, असं तिचं ठाम मत. त्या दिवशी तिरफळं संपली होती, म्हणून नुसत्या कोकमावर भागवून ती तोंड पाडून वाढत होती. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, ‘वा! तिरफळांचा वास काय सुटलाय.’ आईने माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, स्टोव्हजवळची रॉकेलची बाटली घेतली, बूच काढलं आणि बाबांच्या मागे जाऊन अगदी खांद्याशी धरली. मला समोर बसून रॉकेलचा भपकारा येत होता. बाबा शांतपणे काटे काढत जेवत राहिले.

‘कधीपासून?’ आईने विचारलं.

बाबांनी मागे वळून बाटली पाहिली. त्यांचा चेहरा शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखा झाला. ‘दिवाळीपासून. ती सर्दी झाली होती ना मोठी, त्यात गेला वास. येईल परत.’

‘मग रोज माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करता ते पंचांग बघून?’

आई चिडली की तिला अशी वाक्यं सुचत. पण रात्रीची भांडी घासताना तिचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते, कारण काय जाऊ शकतं ते तिला बरोबर कळलं होतं. ज्या ऑपरेटरला वास येत नाही त्याला साहेबांनी एक दिवससुद्धा पंपावर ठेवलं नसतं. पंपावरची जागा गेली की क्वार्टर गेलं, क्वार्टर गेलं की गावी परत आणि माझं कॉलेज अकरावीतच संपलं. ‘हे या उंबऱ्याबाहेर जायला नको,’ आई म्हणाली. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. आईचं नाक माझ्यापेक्षा तेज होतं, पण ‘तुमच्या त्या’च्या आत पाऊल टाकायचं नाही अशी तिची लग्नापासूनची शपथ होती. राहिले मी.

तेव्हापासून रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी मी चहाची किटली घेऊन बाबांबरोबर फेरी मारू लागले. बघणाऱ्याला वाटायचं, मुलगी बापाला चहा देते आहे. मी हौदाच्या कठड्याशी उभी राहायची, श्वास घ्यायची आणि ओठ न हलवता सांगायची. बाबांनी मला वासांची बाराखडी शिकवली. पाणी घुसळण्याचा एक मोठा गोल हौद होता, त्याला सगळे ताकाचा हौद म्हणत. तो बरा असला की त्याला ओल्या मातीचा वास यायचा, कुंडीला पाणी घातल्यावर येतो तसा. आजारी पडायला लागला की आधी शिळा भात, मग आंबलेला कोबी आणि अगदीच बिघडला की सडकं अंडं. मी सांगायची, बाबा हवेची झडप कमीजास्त करायचे आणि वहीत लिहायचे. सतरा वर्षांच्या मुलीच्या शब्दावर तो केवढा पसारा चालतो, याचा मला भारी ताठा होता. मैत्रिणी वासामुळे आमच्याकडे येत नसत आणि मला मागून ‘गटारवाली’ म्हणत. मी मनात म्हणायची, तुमच्या घरी काल कोबी होता की मेथी, ते मला विचारा.

दिवसाउजेडीही ती जागा बरी नव्हती, हे मात्र मला कबूल करायला हवं. हिवाळ्यात सकाळी ताकाच्या हौदावर फेस चढायचा, कठडा ओलांडून रस्त्यावर यायचा आणि वारा नसताना हळूहळू आमच्या ओट्याकडे सरकायचा. गाळ वाळवायच्या वाफ्यांत दरसाल टोमॅटो उगवत. कोणी लावलेले नसत. माणसांच्या पोटातून आलेल्या बियांचे ते टोमॅटो चांगले लालबुंद आणि गोल व्हायचे, आणि त्यांना पक्षीसुद्धा चोच लावत नसत. पाणी आत येतं त्या तोंडाशी लोखंडी जाळी होती. तिच्यात रोज काहीतरी अडकायचं. चपला, कंगवे, दातांची कवळी, बाहुलीचं डोकं, एकदा लहान बाळाचा चांदीचा वाळा. जनार्दनदादा हे सगळं धुऊन कठड्यावर ओळीने मांडून ठेवायचा, कोणी शोधत आलं तर असावं म्हणून. कोणी कधीच आलं नाही. तोवर जमलेल्या तिन्ही कवळ्या नदीकडे तोंड करून हसत बसलेल्या असत.

जनार्दनदादा बाबांचा मुख्य मदतनीस. खडवलीचा, भातसा नदीत डुंबून वाढलेला. पाण्याखाली इतका वेळ राहायचा की काठावरचे लोक घाबरत, आणि ही गोष्ट तो स्वतः दिवसातून एकदा तरी सांगायचा. पंपांच्या खाली जी खोल विहीर होती, जिच्यात जाळीतून गाळलेलं पाणी साठायचं, तिच्यात उतरायचं काम त्याचं. ती विहीर श्वास घ्यायची. शहर उठलं, लोकांच्या आंघोळी झाल्या की तासाभराने पाणी चढायचं आणि आतली हवा झाकणाच्या फटीतून सुस्कारा टाकत बाहेर यायची. झाकण उघडण्यापूर्वी जनार्दनदादा त्याच्यावर पान्याने तीनदा ठोकायचा. मी एकदा न ठोकता उघडायला गेले तर त्याने माझा हात धरला.

‘ठोकल्याबिगर उघरायचं नाय, बाय. आतल्यांना बाजूला व्हायला येळ नको का?’

‘आतले म्हणजे कोण? झुरळं?’

‘झुरलं पन हायेत,’ तो म्हणाला, आणि बाकीचे कोण ते त्याने सांगितलं नाही.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये तो आणि त्याची बायको कुसुमवहिनी राहायची. वहिनी माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, शाळेचं तोंड न पाहिलेली, पण हिशेबात आणि टोमण्यात कोणाला हार न जाणारी. त्या वर्षी तिला दिवस गेले होते. आई तिला रोज काही ना काही पाठवायची, आणि वाटी परत करताना वहिनी तिच्यात चार फुलं तरी टाकून द्यायची.

विहिरीत उतरताना काय तपासायचं त्याचा नियम होता. शिशाच्या औषधात भिजवलेली पांढऱ्या कागदाची पट्टी दोरीने आत सोडायची, काळी पडली तर आत विषारी वायू आहे, उतरायचं नाही. त्या पट्ट्या कधीच्या संपल्या होत्या. मागणीचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता, आणि बाबांनीही त्याचा पाठपुरावा सोडला होता, कारण घरात नाक होतं. विहीर उघडायची असली की मी जायची, वाकायची आणि म्हणायची, ‘नेहमीचा.’ म्हणजे नेहमीची घाण आहे, उतरायला हरकत नाही. विहिरीच्या बाबतीत मला एवढा एकच शब्द लागायचा.

मग ते मोठं सूर्यग्रहण आलं. पंधरा दिवस आधीपासून सगळीकडे त्याचीच चर्चा. बाहेर पडू नका, वर बघू नका, गरोदर बायकांना कोंडून ठेवा. बाबांना मात्र त्यात वेगळंच दिसलं. दोन्ही पंपांच्या तोंडाशी चिंध्यांचे बोळे अडकले होते आणि ते काढण्याइतकं विहिरीतलं पाणी कधी खाली जातच नव्हतं. शहर चोवीस तास पाणी सोडत राही. पण ग्रहणात लोक नळ बंद करतात, चूल पेटवत नाहीत, कपडे धूत नाहीत, आंघोळ तर मोक्ष झाल्याखेरीज नाहीच. बाबांनी जुन्या वह्या काढून पाहिलं होतं. ग्रहणात येणारं पाणी सुतासारखं बारीक होतं, आणि सुटल्यावर सगळं गाव एकाच वेळी डोक्यावरून पाणी घेतं, ते तासाभराने लोंढ्यासारखं आमच्या दारात येतं. या मधल्या वेळात विहीर रिकामी करून पंप मोकळे करायचे, असा त्यांचा बेत. साहेब खूश झाले. इतकं शहाणपण आमच्या त्या प्लँटमध्ये कोणी वर्षानुवर्षं दाखवलं नव्हतं. एकच गोष्ट त्या बेतात नव्हती. वाहतं पाणी थांबलं की कुजतं, आणि त्या दुपारी गावभरच्या नळ्यांमधलं पाणी थांबणार होतं.

ग्रहणात खड्ड्यात उतरायला कोणी तयार होईना. गणपत म्हणून एक म्हातारा पंपवाला होता, तो म्हणाला वर उभा राहीन, खाली नाही. जनार्दनदादा मात्र बाबांकडे बघून हसला. ‘भाऊ, त्यानं सूर्याला धरलंय. त्याचे दोन्ही हात गुतलेत. मना कोन धरतंय?’

त्या दुपारी आमच्या घरात पिण्याच्या हंड्यावर, दुधावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पानं ठेवलेली होती आणि आई जपाला बसली होती. खिडकीला तिने गोधडी लावली होती. बाबा दारात आले आणि म्हणाले, ‘शालू, चल.’

‘अहो, ग्रहणात पोरीला बाहेर काढणार?’

‘पाच मिनिटं. लगेच पाठवतो.’

‘वास काय पळून जाणार आहे? सुटल्यावर घ्या.’

‘सुटल्यावर पाणी येईल,’ बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. आईने माळ थांबवली नाही, पण माझ्याकडे पाहून मान हलवली, ती जा म्हणून की नको म्हणून, ते मी विचारलं नाही. खरं सांगते, मला बाहेर पडायचंच होतं. सगळ्या जगाने दारं लावून घेतली असताना आपण एकटीने आकाशाखाली असावं, अशी मला खाज होती.

बाहेरचं ऊन बघून ती खाज जिरली. दुपारचे साडेतीन असतील. ऊन होतं, पण त्यातली ऊब कोणी काढून घेतली होती. सावल्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या धारदार दिसत होत्या. बगळे नदीवरून परत येऊन बाभळीवर बसत होते, आवाज न करता. विहिरीजवळ एक पिंपळ होता. त्याच्या पानांतून खाली जे कवडसे पडतात ते एरवी गोल असतात. त्या दिवशी प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा होता, शेकडो कोरी, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या, जमिनीवर थरथरत होत्या. बाबांच्या पांढऱ्या शर्टावरही त्या होत्या. पंप बंद होते. जन्मल्यापासून ऐकलेली घरघर पहिल्यांदाच इतका वेळ थांबली होती आणि मला स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू येत होतं.

जनार्दनदादाने कमरेला दोर बांधला होता. त्याने पान्याने झाकणावर तीनदा ठोकलं आणि गणपतबरोबर ते सरकवलं. मी गुडघ्यावर बसून वाकले. सडक्या अंड्याचा असा झोत आला की डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड फिरवलं, डोळे पुसले, पुन्हा वाकले आणि काहीच नव्हतं. वास नव्हता. मला वाटलं, बंद झाकणाखाली कोंडलेला होता तेवढा निघून गेला. डोकं जरा गरगरलं, ते मी ग्रहणाच्या नावावर टाकलं.

‘काय आहे?’ बाबांनी हळूच विचारलं. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

‘काही नाही.’

‘नक्की?’

‘काही नाही म्हटलं ना,’ मी म्हणाले. मला घरी जायचं होतं. त्या कोरी माझ्या हातांवर येत होत्या आणि मला त्या झटकून टाकाव्याशा वाटत होत्या. आधी होता, आता गेला, एवढे चार शब्द मी म्हटले असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. ते चार शब्द मी आळसाने म्हटले नाहीत. भीतीने म्हटले नाहीत, असंही म्हणता येईल, पण इतक्या वर्षांत मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि तो आळसच होता.

जनार्दनदादा उतरला. आत गेलेल्या माणसाने सारखं बोलत राहायचं, म्हणजे वरच्यांना तो बरा आहे ते कळतं, ही तिथली पद्धत. तो मोठमोठ्याने बोलत उतरत होता. पायऱ्या गंजल्यात, साहेबाला इथे बोलवा एकदा, पाणी खरंच घोट्याएवढंच हाय, भाऊ तुमची अक्कल मानली. त्याचा आवाज विहिरीच्या भिंतींना लागून जाडा होऊन वर येत होता. मग तो नवलाने म्हणाला, ‘भाऊ, हितं तर कायच वास नाय.’

बाबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्या राखाडी उजेडात सगळ्यांचेच चेहरे राखाडी होते, पण बाबांचा आतून बदलला. ते विहिरीवर ओणवे होऊन ओरडले, ‘जनार्दन, वर ये! बोलू नकोस, वर ये!’ खालून उत्तर आलं नाही. काहीतरी जड पाण्यात पडल्याचा आवाज आला, फार मोठा नाही. बाबा आणि गणपत दोर ओढू लागले. दोर कशात तरी अडकला होता. बाबांनी पाय पायऱ्यांवर टाकला, तेव्हा गणपतने त्यांना मागून मिठी मारली आणि सोडलंच नाही. ‘भाऊ, एक गेला, दुसरा कशाला?’ असं तो म्हाताऱ्या आवाजात म्हणत राहिला. मी दोराला हात घातला. तिघांनी ओढला तेव्हा तो सुटला.

त्याला वर घेतलं तेव्हा तो काळा नव्हता, फुगलेला नव्हता, झोपलेला वाटत होता. त्याला पिंपळाखाली पालथा घातला. बाबा त्याच्या पाठीवर दाबत होते. ओल्या सदऱ्यावर त्या कोरी हलत होत्या, आणि मी वेड्यासारखी बघत राहिले की हळूहळू त्या जाड होत चालल्या आहेत, ग्रहण सुटतं आहे. एक कावळा ओरडला. मग दुसरा. दूर कॉलनीतून थाळ्या वाजल्या, लोकांची हाळी ऐकू आली, ‘दे दान, सुटे गिराण.’ बाबा दाबत राहिले. बरोबर तासाभराने, बाबांनी सांगितलं होतं तसं, सगळ्या गावाच्या आंघोळीचं पाणी आलं. उघड्या विहिरीने मोठा सुस्कारा टाकला.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, आत वायू आहे की नाही ते कोणी तपासलं? बाबा म्हणाले, ‘मी. पट्ट्या नव्हत्या, म्हणून नाकाने तपासलं. वास आला नाही.’ त्या शेवटच्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाबांना कशाचाच वास येत नव्हता. पट्ट्यांची मागणी साहेबांच्याच टेबलावर होती, त्यामुळे त्यांनीही पुढे खणून काढलं नाही. शिवाय गावाने निकाल देऊनच टाकला होता. ग्रहणात जमिनीच्या पोटात उतरल्यावर दुसरं काय होणार? साहेबांनी, गणपतने, दुधवाल्याने, सगळ्यांनी तो निकाल आनंदाने मान्य केला. एवढा मोठा सूर्य आरोपी म्हणून उभा असताना आम्हा लहान माणसांना कोण विचारतो.

त्याच आठवड्यात बाबांनी मला ओट्यावर बोलावलं. आई आत होती. ते म्हणाले, ‘तो वायू थोडा असला की वास येतो. फार असला की पहिल्या दोन श्वासांत नाकच मारतो. मग काहीच येत नाही. माझं नाक सर्दीने नाही गेलं, शालू. दिवाळीच्या आधी मी त्याच विहिरीवर वाकलो होतो. वास आला, गेला, आणि मी बाजूला कोसळलो म्हणून वाचलो.’ मग त्यांनी विचारलं, ‘तुला आधी आला होता का?’

मी हो म्हटलं.

बाबांनी मान खाली घातली. ‘मी तुला सांगितलं नाही,’ ते म्हणाले. ‘तुझी चूक नाही. तू रोज नेहमीचा म्हणायचीस. त्या दिवशी काही नाही म्हणालीस. गटाराला काही नाही असं होतं का कधी? मला कळायला हवं होतं. मी घड्याळ बघत होतो.’ त्यांना माझा राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते उठले आणि आत जाऊन आईजवळ बसले.

तेराव्यानंतर कुसुमवहिनी क्वार्टर सोडून खडवलीला जाणार होती. तिचा भाऊ तिला न्यायला आला होता, बाहेर सामान बांधत होता. ती निरोप घ्यायला आमच्याकडे आली. पोट आता दिसायला लागलं होतं. आईने तिला पाटावर बसवलं आणि ओटी भरता येत नाही म्हणून नुसताच नारळ तिच्या पिशवीत घातला, आणि तेवढ्याने आईला रडू फुटून ती मोरीत गेली. खोलीत मी आणि वहिनी. बाबा पलीकडे खाटेवर बसलेले.

‘बाय,’ वहिनी म्हणाली, ‘तू शिकलेली हायस. एक इचारू?’

‘विचार ना.’

‘त्या दिशी त्यांच्या सदऱ्याचं बटन तुटलेलं. मना माजी आई बोललेली, गिरान लागल्यावर सुईला हात लावू नको. पन ते बोलले, भाऊंच्या समोर असा उघरा कसा जाऊ? म्हनून मी लावून दिलं. धागा दातानं तोरला.’ तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता. ‘पोराला काय होईल म्हनून मी भीत व्हती. पोराच्या जागी त्यांना लागलं का गो? माज्याच हातानं झालं का?’

मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. नाही, वहिनी, तुझ्या हातून काही झालेलं नाही, ते माझ्या तोंडातून झालं. पण ते म्हटलं असतं तर बाबांचं नाक उघड झालं असतं आणि नोकरी गेली असती. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. तरी त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती. तिने माझ्याकडे त्या नजरेने बघू नये, एवढंच मला हवं होतं.

‘असेल,’ मी म्हणाले.

तिने हळूहळू मान हलवली. जणू कोणीतरी एकदाचं खरं सांगितलं. मग ती जड पावलांनी उठली, बाबांच्या खाटेपाशी गेली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ‘भाऊ, तुमी जिवाला लावून घेव नका. लोक कायबी बोलतील. तुमचा दोष नाय. माज्याकरनं झालं.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं ‘असेल’ त्यांनी ऐकलं होतं. त्यांचं तोंड उघडलं, आणि मी मान हलवली. अगदी थोडी. नको म्हणून. बाबांनी तोंड मिटलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाहेरून तिच्या भावाने हाक मारली, टांगा आला म्हणून, आणि ती गेली.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी किंवा आईशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत, आणि मी दुसऱ्या दिवशीपासून फेरीला जायचं बंद केलं तरी त्यांनी बोलावलं नाही. कुसुमवहिनी अजून आहे. खडवलीला मुलाकडे असते, मुलगा चांगला निघाला, व्यंग काही नाही. इथून दीड तासाचा प्रवास. तीन वेळा मी निघाले आणि कल्याणहून परत फिरले. ती आता जवळजवळ सत्तरीची असेल, आणि इतकी वर्षं ती त्या सुईधाग्याचं ओझं घेऊन जगली आहे. मुलं म्हणतात, आई, तू सगळं लिहून काढ, लिहिल्याने मन मोकळं होतं. तसं हे लिहिलं. पण एक गोष्ट लिहायची राहिली, तीही लिहून टाकते. वहिनीला वाचता येत नाही. हे छापून आलं तरी तिच्यापर्यंत जाणार नाही, हे मला पहिली ओळ लिहिताना ठाऊक होतं, आणि लिहायला बसण्याचं धाडस मला त्यामुळेच झालं.